जुन्या मालमोटारीस मोटारीचा गिअरबॉक्स

अमेरिकेंत कित्येक हौशी लोक १९४७ ते १९५४ सालांतील अर्ध्या टनाच्या शेव्हरोले पिकअप मालमोटारींस कॅमॅरो मोटारीचा पांच गतींचा बोर्ग-वॉर्नर टी-५ गिअरबॉक्स बसवितात. पांचव्या गतींत एंजिनाचे फेरे कमी होतात, हा लाभ खरा. परंतु या मालमोटारींत चाकांचा रेटा दांड्यावरील बंद नळींतून गिअरबॉक्सावर येतो; म्हणून दांडा व मागील आंस दोन्ही बदलावे लागतात. शिवाय जुन्या चार गतींच्या गिअरबॉक्सांत पहिल्या गतीचें प्रमाण ७.०५, तर कॅमॅरोच्या गिअरबॉक्सांत तें २.९५. आंसाचें प्रमाण तेंच ठेविल्यास चिखलांतून ओझें ओढण्याची शक्ति निम्म्याहूनही कमी होते. सबब, ज्यांस शेतमाल वाहावयाचा आहे त्यांनीं जुना गिअरबॉक्सच राखावा, असें आम्ही सुचवितों.