लुई किती आणि कोणते!
फ्रान्सच्या इतिहासात शिरलं की पावलोपावली लुई भेटतो. मूळ फ्रँक लोकांचं क्लोडोविग, म्हणजे लढाईत गाजलेला. त्याचंच झिजत झिजत लुई झालं; जर्मन लुडविग आणि इटालियन लुइजी ही त्याची भावंडं. राजांची मोजणी अठरापर्यंत गेली खरी, पण सतरावा गादीवर कधी बसलाच नाही. दहा वर्षांचं पोर, १७९५ मध्ये कैदेतच गेलं बिचारं. चौदाव्याने मात्र तब्बल ७२ वर्षं राज्य केलं! अमेरिकेतलं लुइझियाना त्याच्याच नावाचं.

माझा आवडता लुई मात्र राजा नाही. खोगीर बनवणाऱ्याचा मुलगा, वडिलांच्याच हत्याराने लहानपणी दृष्टी गेलेला आणि पंधराव्या वर्षी ठिपक्यांची लिपी रचणारा लुई ब्रेल.