दुबईत नोकरी, टोरंटोत घर: टॅक्स कुठे?

कॅनडाचा पीआर मिळाला, बायको-मुलं टोरंटोत राहायला गेली, पण तुमची नोकरी दुबईतच. तिथे पगारावर इन्कम टॅक्स नाही. मग सुटलो ना?

नाही हो! कॅनडात टॅक्ससाठी नुसतं पीआर कार्ड बघत नाहीत. घर, जोडीदार, तुमच्यावर अवलंबून असलेली मुलं, हे सगळं तिथे असेल तर साधारणपणे तुम्हीही तिथले रहिवासी धरले जाता. त्या दिवसापासून जगभरातली कमाई तिथे दाखवायची. आधीच्या कमाईला हात लागत नाही.

परदेशात भरलेला टॅक्स वजा होतो. पण दुबईत भरलाच नाही, तर वजा काय होणार? रिटर्नची मुदत साधारण ३० एप्रिल. म्हणून टॅक्स सल्लागाराला कुटुंब हलवण्याआधीच गाठा.