बाई, मी कोणत्या गटात जाऊ?

दोस्तांनो, परवा शाळा सुटल्यावर फाटकापाशी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता आठवीत आहे. वडील चाकणच्या एमआयडीसीत कामाला, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मला वाटलं, गणितातलं काहीतरी अडलं असेल. तर हा पठ्ठ्या विचारतो, "बाई, मी कोणत्या घराण्यात जाऊ? रेडोरान की ह्लालू?"

मी बघतच राहिले! ही कुठली घराणी बुवा? मग त्यानं मला कट्ट्यावर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्या दिवशी गुरुजी तो आणि विद्यार्थिनी मी!

'मॉरोविंड' नावाचा एक कॉम्प्युटर गेम आहे. २००२ साली आलेला, म्हणजे तुमच्या जन्माच्याही आधीचा. त्याच्या चुलतभावाच्या जुन्या कॉम्प्युटरवरसुद्धा तो चालतो. (१३ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आहे बरं का! छोट्यांनी हट्ट धरायचा नाही.) तुम्ही एक सुटलेले कैदी. जहाजातून एका अनोळखी बेटावर उतरता. ओळखीचं कुणी नाही, जवळ फारसं काही नाही. मग कुठल्या तरी गटात शिरावंसं वाटतं. लढवय्यांचा गट आहे, जादूगारांचा आहे, चक्क चोरांचासुद्धा आहे! शिवाय तीन मोठी घराणी. ह्लालू हे व्यापाऱ्यांचं, रेडोरान हे इमानी शिपायांचं, आणि टेल्वानी हे जादूगारांचं. हे टेल्वानी राहतात कुठे, माहीत आहे? राक्षसी अळंब्यांच्या आत!

या तिघांपैकी घराणं मात्र एकच निवडता येतं. एकात नाव घातलं, की बाकी दोघांची दारं बंद.

"मग निवडायचं कसं?" मी विचारलं.

"बाई, प्रत्येक घराण्याला ठरावीक कसब लागतं. ते अंगात नसेल तर बढतीच मिळत नाही."

"तुला काय येतं?"

"तलवार आणि ढाल."

"मग जा की रेडोरानमध्ये! विचार कसला करतोस?"

"पण बाई, ह्लालूकडे पैसा आहे ना!"

बघा, इथेच तर ग्यानबाची मेख आहे. आपल्याला काय येतं, आपण कसे आहोत, हे बाजूला राहतं आणि नजर जाते झगमगाटाकडे.

त्यानं सांगितलेली पुढची गोष्ट तर मला फारच विचार करायला लावून गेली. बाल्मोरा नावाच्या गावात लढवय्यांच्या गटाची एक शाखा आहे. तिथे गेलात की पहिलं काम काय मिळतं? एका बाईच्या घरातले उंदीर मारायचे! दुसरं काम, अंडी चोरणाऱ्यांचा बंदोबस्त करायचा. छान, सोपं, लोकांच्या उपयोगाचं. आणि तिसरं? चोरांच्या गटातल्या एका बाईकडून तिची गुप्त खुणांची वही आणायची. का आणायची, ते कुणी नीट सांगत नाही. पुढे पुढे कळतं, की या गटाचा प्रमुखच एका गुंड टोळीला विकला गेला आहे, आणि आपण नकळत त्या टोळीची कामं करतोय! नशीब, की त्याच गटात दुसरा एक अधिकारी आहे. तो खरं काय ते सांगतो. त्याचं ऐकलं तर प्रमुखाला विरोधही करता येतो.

एवढं सांगून पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "बाई, माझं पण तसंच झालं."

त्याच्या घराजवळच्या टपरीवर काही मोठी पोरं बसतात. त्यांनी याला जवळ केलं. "आपला भाऊ" म्हणाले. पहिलं काम, चहा आणून दे. दुसरं काम, गाडीवर मागे बस, आमचा व्हिडिओ काढ. वाढदिवसाला फ्लेक्सवर याचाही फोटो लावला! कुणाला आवडणार नाही सांगा? आणि मागच्या आठवड्यात तिसरं काम आलं. कापडात गुंडाळलेली एक लांबट वस्तू. "दोन दिवस तुझ्या घरी ठेव. उघडून बघायची नाही."

मुलांनो, माझ्या तर पोटात धस्स झालं. मी त्याला घेऊन तडक निघाले. कुठे, तर चाकणच्या किल्ल्यात! वडील रातपाळीची झोप काढून तिथेच येणार होते.

तुमच्यापैकी कितीजणांनी हा किल्ला पाहिलाय? हा संग्रामदुर्ग. डोंगरावर नाही, सपाट जमिनीवरचा भुईकोट. १६६० सालच्या जूनमध्ये मोगलांचा मोठा सरदार शायिस्ताखान प्रचंड फौज घेऊन इथे आला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि अवघी तीनशे-साडेतीनशे माणसं. महाराज स्वतः दूर पन्हाळ्याला सिद्दी जौहरच्या वेढ्यात. मदत येणार कुठून? तरी ही मूठभर माणसं ऐन पावसाळ्यात जवळजवळ दोन महिने लढली. शेवटी मोगलांनी भुयार खणलं, सुरुंग लावला आणि बुरूज उडवला. ऑगस्टच्या मध्याला किल्ला पडला.

खान फिरंगोजीच्या शौर्यावर खूश झाला. म्हणाला, आमच्याकडे ये, तुला चाकरी देतो. विचार करा, समोर बादशाही दौलत आणि इकडे पडलेला किल्ला! फिरंगोजी नाही म्हणाला. तो महाराजांकडे परत गेला. आणि महाराजांनी काय केलं? किल्ला घालवलास म्हणून हाकललं का? छे! त्याचा मान केला. पुढे त्याला भूपाळगडाची किल्लेदारी मिळाली.

तटापाशी उभं राहून मी माझ्या विद्यार्थ्याला एवढंच म्हटलं, "गट कसा ओळखायचा, सांगू? एक म्हणजे, त्याचं तिसरं काम बघ. आणि दुसरं, तू हरून परत आलास तर तो तुला काय म्हणेल, ते स्वतःला विचार."

तो बराच वेळ बोलला नाही. मग वडील आले आणि त्यानं त्यांना सगळं सांगितलं, रडत रडत. वडील रागावतील असं त्याला वाटत होतं. त्यांनी फक्त त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "अजून घेतली नाहीस ना ती वस्तू? मग झालं. आता पुढचं मी बघतो."

टपरीवरच्या पोरांनी त्याला दोन-चार दिवस भित्रा म्हणून चिडवलं. अजूनही चिडवतात. त्याला वाईट वाटतं, नाही असं नाही. तो आता दुसऱ्या रस्त्यानं शाळेला जातो, थोडा लांब पडतो.

दोस्तांनो, असं तिसरं काम तुमच्या वाट्याला आलं तर एकट्यानं कुढत बसू नका. आई, बाबा, आजी, बाई, सर, जे जवळचं असेल त्याला त्याच दिवशी सांगा.

आणि हो, राहिलंच की! त्या गेममध्ये तो अखेर रेडोरानमध्ये गेला. पैसा कमी मिळतो म्हणून कुरकुर चालू आहे!