औंढ्यात इलेक्ट्रिक कार परवडेल का? आधी महिन्याचे किलोमीटर मोजा

इलेक्ट्रिक कारचा विषय आता औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावातही निघतो. "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" हाच सगळ्यांचा पहिला प्रश्न. आम्ही मात्र आधी विचारू, तुमची गाडी महिन्याला चालते किती?

हिशेब करून बघू. छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटला साधारण ७ किलोमीटर जाते. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणं असेल तर १४५ युनिट लागतील. युनिटला १२ रुपये धरले तर खर्च सुमारे १,७५० रुपये. लिटरला १८ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी, १०५ रुपये भावाने, ५,८०० रुपये खाते. म्हणजे महिन्याला चार हजार वाचले. इलेक्ट्रिक गाडी तीन लाखांनी महाग पडत असेल, तर तो फरक सहा वर्षांत फिटतो. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे.

पण गाडी फक्त बाजार, निकाह, दवाखाना यासाठी ३०० किलोमीटरच फिरत असेल, तर तोच फरक फिटायला वीस वर्षं लागतील! वरचे तीन लाख कर्जाचे असतील तर व्याज वेगळंच. अशा घराने सध्या नाद सोडलेला बरा.

अंतराची भीती वाटते तेवढी मोठी नाही. हिंगोली साधारण पंचवीस, परभणी पन्नास, नांदेड साठ-पासष्ट किलोमीटर. २४ युनिटची बॅटरी मे महिन्यात एसी लावूनही दीडशेच्या आसपास चालते, म्हणजे नांदेडची ये-जा होते. खुलताबादला सगळं घर घेऊन जायचं तर मात्र वाटेत चार्जिंग कुठे, हे आधीच बघून निघावं लागेल.

खरी अडचण विजेची. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर ही बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. रात्री लाईट गेली की सकाळी गाडी अर्धवट. आणि रात्री दोनला पेशंटला नांदेडला न्यायची वेळ आली तर? म्हणून चार्जिंग निम्म्याच्या खाली जाऊच देऊ नये. घरात दुसरी गाडी नसेल तर हा नियम पाळावाच लागतो. अर्थिंग आणि मीटरचा मंजूर भार गाडी बुक करण्याआधी वायरमनकडून तपासून घ्या. भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाला आधी विचारा.