कॅडमियमविना उजळणारे पडदे

पुंजबिंदू, म्हणजेच क्वांटम डॉट, हे काही नॅनोमीटर आकाराचे अर्धवाहक स्फटिक असून, ते जितके लहान तितका त्यांचा प्रकाश निळ्या रंगाकडे झुकतो. शुद्ध रंग देणाऱ्या कॅडमियम सेलेनाइडमधील कॅडमियम मूत्रपिंडांना घातक असल्याने युरोपीय संघाने विद्युत उपकरणांत त्याच्यावर सामान्यतः ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. पर्यायी इंडियम फॉस्फाइडच्या पृष्ठभागावर ऑक्साइड साचून ऊर्जा उष्णतेत वाया जाते; म्हणून तो थर हायड्रोफ्लोरिक आम्लाने काढून स्फटिकाभोवती झिंक सेलेनाइड व झिंक सल्फाइडची कवचे चढवली जातात. याच मार्गाने सॅमसंगच्या संशोधकांनी २०१९ मध्ये लाल एलईडीची बाह्य पुंजकार्यक्षमता, म्हणजे आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडणाऱ्या प्रकाशकणांची संख्या, २१.४ टक्क्यांवर नेली.