सुबत्ता कोणत्या मापाने मोजायची?

खारदांड्याच्या बंदराला होडी लागते, मासळी उतरते आणि राज्याच्या उत्पन्नात भर पडते. जवळच पाली हिलवर एखादा धनिक स्वतःच्याच सदनिकेत राहतो. तो कुणाला भाडे देत नाही. तरी त्या घराचे कल्पित भाडे राज्याच्या उत्पन्नात धरले जाते. आणि मासळी विकून घरी आलेली बाई रांधते, पाणी भरते, म्हाताऱ्यांचे करते, त्याचे काय? त्याला या हिशेबात शून्य किंमत.

दरडोई उत्पन्न काढण्याची रीत अशी : राज्यात वर्षभरात झालेल्या उत्पादनाच्या निव्वळ मूल्याला लोकसंख्येने भागायचे. निव्वळ म्हणजे यंत्रसामग्रीची झीज वजा जाता. होडीच्या इंजिनाची झीज वजा होते. समुद्रातली मासळी आटली तर ती घट वजा होत नाही. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराची मजुरी उत्पन्नात मिळवली जाते. त्याच्या फुप्फुसांची झीज कोणत्याही रकान्यात येत नाही.

शिवाय ही सरासरी. समजा, दहा घरे आहेत. नऊ घरांचे उत्पन्न प्रत्येकी 1 लाख, दहाव्याचे 91 लाख. सरासरी 10 लाख! त्या सरासरीत राहणारे घर मात्र दहांत एकही नाही.

मग उत्पन्न सोडून प्रत्यक्ष सोयी मोजाव्यात काय? महाराष्ट्राने ते केले. 1983 मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, ग्रामीण विद्युतीकरण अशा क्षेत्रांत जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष काढला. काम मोलाचे होते. पण तिचे एकक होते जिल्हा, आणि दलित वस्ती जिल्ह्याच्या आकड्यात दिसत नाही.

विद्युतीकरणाचेच पाहा. 1997 पर्यंत देशात व्याख्या अशी होती की, गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली, की गाव विद्युतीकृत. पाटलाच्या मळ्यातला एक पंप पुरे! गावकुसाबाहेर अंधार असला तरी आकडा पूर्ण. 2004 मध्ये व्याख्या बदलली, तेव्हा दलित वस्ती असेल तर तिथेही विजेच्या तारा पोचल्या पाहिजेत, ही अट आली. निकषात एक शब्द घातला आणि कालपर्यंत नसलेली वस्ती कागदावर आली. तरीही त्याच व्याख्येत गावातली 10 टक्के घरे उजळली तर पुरे होती. ही 10 टक्के कुणाची असणार, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

म्हणून कोणताही निर्देशांक पुढे आला की कार्यकर्त्याने आधी विचारावे : हा जातवार फोडता येतो काय? 2011 च्या जनगणनेत पाणी घराच्या आवारात आहे की दूर, शौचालय आहे की नाही, याची अनुसूचित जातींच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र कोष्टके आहेत. आपल्या जिल्ह्याचे कोष्टक काढा. सर्व कुटुंबांचा आकडा आणि हा आकडा शेजारी-शेजारी लिहा. मग वही घेऊन वस्तीत जा आणि नळाला पाणी किती वाजता येते, ते घरातल्या बाईला विचारा.