पहिल्या वर्षाची मैत्री



गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसें महायुद्ध झालें. त्यांत रक्त सांडलें नाहीं. पण रात्रीच्या पंक्तीला दोन पानें एकमेकांपासून दूर मांडावीं लागलीं, आणि त्यांतलें एक माझें होतें. ज्या खेळामुळें हें घडलें त्याचें नांव 'डिप्लोमसी', म्हणजे आपल्या भाषेंत मुत्सद्देगिरी. त्या खेळाविषयीं, विशेषतः त्याच्या पहिल्या वर्षाविषयीं, आज चार शब्द सांगण्याचें योजिलें आहे. खेळांतलें वर्ष म्हणजे घड्याळांतला तास-दीड तास. परंतु पुढच्या साऱ्या मैत्रीचें आणि वैराचें बीज तेवढ्या वेळांतच पेरलें जातें.

हा खेळ अमेरिकेंतील ॲलन कॅलहॅमर या गृहस्थांनीं रचिला. हार्वर्ड विद्यापीठांत शिकले असतां पहिल्या महायुद्धाच्या कारणांविषयीं त्यांनीं जें वाचलें, त्यांतून ही कल्पना उगवली. १९५४ सालीं खेळाची रचना सिद्ध झाली. पण कोणी प्रकाशक पुढें येईना, तेव्हां १९५९ सालीं त्यांनीं स्वतःच्या खर्चानें ५०० प्रती काढविल्या. पुढें हेच गृहस्थ टपाल वांटण्याची नोकरी करीत असत, आणि योगायोग असा कीं १९६३ पासून त्यांचा खेळ टपालानें खेळण्याची प्रथा पडली. आज तो संगणकावर दूरदूरच्या देशांतले लोक एकमेकांशीं खेळतात. कॅलहॅमर २०१३ सालीं वारले.

खेळाचा पट म्हणजे पहिल्या महायुद्धापूर्वींच्या युरोपचा नकाशा. खेळाडू सात: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान. आरंभ १९०१ सालच्या वसंतऋतूचा. जमिनीचे व समुद्राचे मिळून नकाशावर ७५ विभाग आहेत, आणि त्यांपैकीं ३४ विभागांवर एकेक ठिपका आहे. हीं रसदेचीं ठाणीं. ज्याच्याजवळ जितकीं ठाणीं, त्याला तितकींच सैन्यें बाळगतां येतात, हा या खेळाचा मूळ कायदा. आरंभीं रशियाजवळ चार ठाणीं असतात, बाकीच्या सहा राष्ट्रांजवळ प्रत्येकीं तीन. हीं २२ झालीं. उरलेलीं १२ ठाणीं कोणाचींच नाहींत.

येथें फांसे नाहींत, पत्ते नाहींत, दैवाला कोठेंहि जागा नाहीं. प्रत्येक सैन्याचें बळ सारखेंच. रिकाम्या विभागांत दोघांचीं सैन्यें एकदम शिरूं लागलीं, तर दोन्हीं अडतात आणि जागच्या जागीं राहतात. ही कोंडी फोडावयाची तर दुसऱ्या सैन्याचा पाठिंबा लागतो, आणि तो परराष्ट्राच्या सैन्याचाहि चालतो. म्हणून चालीपूर्वीं प्रत्येकानें हव्या त्या खेळाडूला बाजूला घेऊन गुप्तपणें बोलावें अशी मुभा आहे. पहिल्या चालीपूर्वीं अर्धा तास, पुढें पाव पाव तास. मग प्रत्येकानें आपले हुकूम कागदावर लिहावयाचे, आणि सगळे कागद एकाच वेळीं उघडावयाचे. बोलण्यांत दिलेलें वचन कागदावर पाळलेंच पाहिजे, असा नियम मात्र नाहीं.

आतां पहिल्या वर्षाकडे वळूं. वर्षांत चाली दोनच, एक वसंतांतली व दुसरी शरदांतली. शरदाच्या चालीनंतर ठाण्यांची मोजदाद होते, आणि ज्याचीं वाढलीं असतील त्याला आपल्या मूळच्या, रिकाम्या असलेल्या ठाण्यांत नवें सैन्य उभें करतां येतें. म्हणजे दोन चालींत त्या १२ बेवारस ठाण्यांपैकीं आपल्या पदरांत काय पडतें, हाच पहिला प्रश्न.

मी भूगोल शिकविणारा मनुष्य. नकाशा पाहतांच मला वाटलें कीं ही वांटणी निसर्गानेंच करून ठेविली आहे. स्पेन व पोर्तुगाल फ्रान्सच्या परसांत, नॉर्वे इंग्लंडसमोर, डेन्मार्क व हॉलंड जर्मनीच्या उंबरठ्यावर, ट्यूनिस समुद्रापलीकडे, पण इटलीवांचून कोणाच्याच आटोक्यांत नाहीं. सर्बिया ऑस्ट्रियाचा, बल्गेरिया तुर्कस्तानचा, रुमानिया रशियाचा. इतकें झालें कीं उरतात बेल्जम, ग्रीस आणि स्वीडन, आणि खरा बाजार या तिहींवर भरतो. बेल्जमवर इंग्लंड, फ्रान्स व जर्मनी या तिघांचा डोळा. एकट्यानें जाणारा अडतो, म्हणून कोणाला तरी मित्र करावें लागतें. स्वीडनची गोष्ट याहून मौजेची. तें रशियाला हवें असतें. पण जर्मनीचें आरमार वसंतांत डेन्मार्कला पोंचलें कीं त्या दाराची कडी जर्मनीच्या हातीं येते. शरदांत त्यानेंहि स्वीडनची चाल लिहिली, तर दोघेहि अडतात. जर्मनीचें त्यांत कांहींच जात नाहीं, कारण त्याचें आरमार डेन्मार्कांत होतें तेथेंच राहतें. रशिया मात्र एका ठाण्याला मुकतो. म्हणून आरंभीं रशिया जर्मनीशीं फार गोड बोलतो. दुसऱ्याला न देण्याची शक्ति हीहि एक संपत्तीच आहे.

याहून नवलाची गोष्ट पुढें आहे. पहिल्या वर्षीं ज्या जागांसाठीं सर्वांत अधिक तंटे होतात, त्या जागांवर ठाणेंच नसतें. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडी, रशिया व तुर्कस्तान यांच्यामधील काळा समुद्र, रशिया व ऑस्ट्रिया यांच्यामधील गॅलिशिया, आणि फ्रान्स व जर्मनी यांच्यामधील बर्गंडी. या चौहोंपैकीं एकीनेंहि रसद मिळत नाहीं. परंतु खाडींत शिरलेल्या आरमाराला लंडन आणि ब्रेस्ट दोन्ही एका पावलावर येतात. गॅलिशियांत उभ्या राहिलेल्या सैन्यापुढें व्हिएन्ना, बुडापेस्ट व वॉर्सा हीं तिन्हीं दारें उघडीं पडतात. दोन शेजाऱ्यांमधली रिकामी ओसरी म्हणावी तशा या जागा. तेथें कोणीहि बसूं नये यांत दोघांचेंहि हित असतें. पण दुसरा बसला तर काय, या भयानें दोघेहि तिकडे धांवतात.

यावर जुन्या खेळाडूंनीं काढलेला तोडगा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. "मी गॅलिशियांत येणार नाहीं, तुम्हींहि येऊं नका" असा करार करण्यापेक्षां, "आपण दोघेहि तेथें चाल लिहूं व एकमेकांना अडवूं" असा करार ते करतात. पहिल्या करारांत शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागतें. दुसऱ्यांत लागत नाहीं. त्यानें शब्द मोडून चाल केली नाहीं, तर उलट आपणच आंत शिरतों. किंमत इतकीच कीं दोघांचीहि एकेक चाल खर्चीं पडते. ऑस्ट्रिया व इटली यांना मात्र असली मोकळी ओसरीहि नाहीं. त्यांचीं त्रिएस्त व व्हेनिस हीं मूळचीं ठाणीं एकमेकांना खेटून आहेत, आणि साऱ्या पटावर दोन राष्ट्रांच्या मूळ ठाण्यांची अशी भिंतीला भिंत दुसरीकडे कोठेंहि नाहीं. तेथें निव्वळ विश्वासावरच निभावून न्यावें लागतें.

आतां थोडें अंकगणित. ३४ ठाणीं सात जणांत वांटलीं तर प्रत्येकाच्या वांट्याला पुरतीं पांचहि येत नाहींत. आणि विजयाला हवींत १८. पहिल्या एक-दोन वर्षांत बेवारस ठाणीं संपलीं कीं पुढचें प्रत्येक ठाणें कोणाच्या तरी घरांतूनच आणावें लागतें. म्हणजे पहिल्या वर्षीं सर्वांना एकदम वाढतां येतें, नंतर एकाची वाढ ती दुसऱ्याची घट. पहिल्या वर्षाची मैत्री गोड असते ती याच कारणानें. आणि दुसऱ्या वर्षाचें वैर ठरतें तेंहि त्याच वर्षीं, कारण आपण कोणाशीं कसे वागलों हें सहाहि जणांनीं पाहिलेलें असतें.

आमच्या घरच्या खेळांत ऑस्ट्रिया माझ्याकडे आला, रशिया माझ्या १४ वर्षांच्या नातवाकडे, आणि तुर्कस्तान सूनबाईंकडे. घड्याळ धरण्याचें काम सौभाग्यवतींनीं पत्करलें. पहिल्या अर्ध्या तासांत मीं नातवाला माजघरांत नेऊन ठरविलें कीं गॅलिशियांत कोणीहि पाऊल टाकावयाचें नाहीं, आणि शरदांत मी सर्बियांतून त्याला रुमानिया घेण्यास पाठिंबा देईन. पुढें ओसरीवर सूनबाई भेटल्या. त्यांनाहि मीं तोच रुमानिया तितक्याच मोकळ्या मनानें देऊन टाकला! मनांत म्हटलें, शरद यावयाला अवकाश आहे. तेव्हांचें तेव्हां पाहूं.

वसंताचे कागद उघडले. माझें बुडापेस्टचें सैन्य सर्बियांत गेलें, त्रिएस्तचें आरमार आल्बेनियाला लागलें, व्हिएन्नाचें सैन्य जागेवर राहिलें. आणि नातवाचें वॉर्साचें सैन्य गॅलिशियांत येऊन उभें राहिलें. शरदांत तो रिकाम्या बुडापेस्टवर येईल असें समजून मीं व्हिएन्नाचें सैन्य तिकडे हलविलें; तो आला व्हिएन्नांत. सर्बिया व ग्रीस मिळाले, पण राजधानी गेली. मी पटावरून उठलों आणि सर्वांसमक्ष त्याला विचारलें, "आजोबांशीं खोटें बोलावयास तुला कोणीं शिकविलें?" पोर कांहीं बोललें नाहीं. रात्रीचीं पानें दूर मांडलीं गेलीं तीं त्या दिवशीं.

दुसरे दिवशीं खेळ पुढें चालला, पण मी आतां खेळत नव्हतों, सूड घेत होतों. ग्रीस सोडून, इटलीकडे पाठ करून, उरलेलीं सारीं सैन्यें मीं नातवावर घातलीं. त्यानेंहि तेंच केलें. खेळांतल्या १९०५ सालीं पटावर आम्हां दोघांचें एकहि सैन्य उरलें नव्हतें, आणि आमच्या दोघांच्या घरांवर तुर्कस्तानचें निशाण फडकत होतें. पहिल्याच वर्षीं शेजाऱ्याचें एक ठाणें लुबाडणाऱ्याला एक ठाणें मिळतें खरें. पण त्याबरोबर शेवटपर्यंत न विसरणारा एक शत्रूहि मिळतो, आणि दोघांच्या भांडणाचें फळ तिसरा खातो. नियमांच्या पुस्तकांत हें लिहिलेलें नाहीं; तें खेळूनच कळतें.

संध्याकाळीं नातू माझ्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. म्हणाला, "आजोबा, एक विचारूं? रुमानिया तुम्हीं कितीजणांना दिला होता?" मला उत्तर सुचलें नाहीं. सूनबाईंनीं वसंताच्या चालीपूर्वींच त्याला माझें बोलणें जसेंच्या तसें सांगितलें होतें. विशेष हें कीं त्या खेळांत त्यांनीं एकहि असत्य उच्चारलें नव्हतें. आम्हां दोघांना बुडविण्यास त्यांचें एक सत्य पुरलें होतें.

३० वर्षें मुलांना खरें बोलण्याचा धडा दिलेल्या मास्तराला नातवाची क्षमा मागणें सोपें गेलें नाहीं. पण मीं ती मागितली. खेळाचा नियम दोघांनाहि सारखाच मोकळा होता. तो माझ्या बाजूनें वळला तेव्हां मीं त्याला चातुर्य म्हटलें, आणि नातवाच्या बाजूनें वळला तेव्हां पाप. हा अन्याय पटावरचा नव्हता, घरांतला होता, म्हणून त्याची भरपाईहि घरांतच करावयास हवी होती.

असला खेळ मुलांच्या हातीं द्यावा काय, असें त्यानंतर एकदोन स्नेह्यांनीं मला विचारलें. माझें मत द्यावा असें आहे. २०२२ सालीं अमेरिकेंतील मेटा कंपनीनें 'सिसेरो' नांवाचें एक यंत्र या खेळांत उतरविलें. समोरच्या माणसांशीं लेखी बोलून तें करारमदार करी, आणि ४० डावांत त्यानें एकाहून अधिक डाव खेळलेल्या खेळाडूंतील वरच्या दहा टक्क्यांत स्थान मिळविलें. तें बहुतांशीं प्रामाणिक राहावें अशी त्याच्या कर्त्यांची खटपट होती; तरीहि तें दिलेलीं वचनें मोडीत असे, हें २०२४ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं दाखवून दिलें. यंत्राला त्याचा पश्चात्ताप झाल्याचें ऐकिवांत नाहीं. माणसाला तो होतो, आणि होण्याची संवय लहानपणींच लागलेली बरी.

आमच्या घरीं मात्र आतां एक नवा नियम आहे. पट मिटला कीं सातहि जणांनीं गोल बसावयाचें आणि आपण कोणतें वचन कोणाला दिलें होतें व कोणतें मोडलें, तें ज्याचें त्यानें सांगावयाचें. चहा त्यानंतर.

परवां मे महिन्याच्या सुटीचा विषय निघाला तेव्हां नातवानें विचारलें, "आजोबा, या खेपेस ऑस्ट्रिया कोण?" मीं सांगितलें, "मीच. आणि रशिया तूंच घे." गॅलिशियाविषयीं आमचें ठरलें आहे. दोघांनींहि तेथें चाल लिहावयाची आणि एकमेकांना अडवावयाचें.